चाखलेलं मोजत नाहीत

"गुडघा बदलता येईल," डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, "पण आत्ता नाही. या वजनावर मी हात लावणार नाही. ऐंशीच्या आत या, मग तारीख देतो."

"आन न्हाई आले तर?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"तर वर्षभरात खाली बसणं बंद होईल. मग खुर्ची आणि वॉकर."

शिवलीलाबाई उंबरजे तेव्हा चौऱ्याण्णव किलोच्या होत्या. वय चौपन्न. उजवा गुडघा एवढा झिजला होता की पाटावरून उठताना कुटायला येणाऱ्या मायाक्काच्या खांद्याला धरावं लागायचं. आणि पाटावर बसणं हेच तर त्यांचं काम होतं. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या गल्लीत उंबरजेंची शेंगाचटणी आणि कडक भाकरी मिळते. पुढच्या खोलीत विक्री, मागच्या खोलीत उखळ. उखळाशी मायाक्का मुसळ घेऊन, आणि शेजारी पाटावर शिवलीलाबाई. दाणे भाजण्यापासून चटणीला तेल सुटेपर्यंत प्रत्येक घाणा त्यांच्या जिभेवरून पुढं जायचा. मीठ किती, लसूण किती, दाणा किती भाजला गेला, हे त्या एका चिमटीत सांगायच्या. लोक म्हणायचे, उंबरजेंची चटणी म्हणजे शिवलीलाबाईंची जीभ. तो पाट सुटला तर या घरात आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"कमी करू की," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. वजन त्यांनी आधी दोनदा कमी केलं होतं. पहिल्या वेळी श्रावणभर एकभुक्त राहिल्या. चार किलो गेले आणि दिवाळीपर्यंत परत आले. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या एका केंद्रातून डब्यातली पावडर आणली, सकाळ-संध्याकाळ पाण्यात घुसळून प्यायल्या. आठ किलो उतरले. पावडर थांबली आणि वर्षभरात दहा चढले. "दोन किलो व्याज," त्यांचे यजमान सोमलिंग म्हणायचे. ते टेम्पो घेऊन मोडनिंब, टेंभुर्णीपर्यंतच्या हॉटेलांना चटणी पोचवायचे आणि कुठल्याही गोष्टीवर आधी हसायचे.

डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खोलीत वैदेहीकडे पाठवलं. वैदेही त्या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. टेंभुर्णीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली.

"सकाळपासून सांगा काकू. काय काय खाता?"

"सकाळी चहा, बिनसाखरेचा. दुपारी एक भाकरी, भाजी, जरा ताक. रात्री अर्धी भाकरी, न्हाईतर वाटीभर आमटी-भात."

"मधे?"

"मधे काय न्हाई."

"फरसाण, बिस्किटं?"

"आमच्या घरात बाहेरचं येतच न्हाई."

वैदेहीनं हिशेब केला, मग परत केला. एवढ्या खाण्यावर माणूस वाळायला हवा होता. तिनं थायरॉइडच्या तपासणीचा कागद बघितला. तोही स्वच्छ होता.

"काकू, रागवू नका. सांगायचं काही राहतंय का?"

"मी खोटं बोलतेय व्हय?"

दारात उभे असलेले सोमलिंग पुढं आले. "तिचं खरं हाय म्याडम. आमच्या घरात सगळ्यात कमी तीच जेवती. माझी अव्वा, म्हंजे आई, अठ्ठ्याहत्तरची, ती हिच्या दुप्पट जेवती आन काडीसारखी हाय."

शिवलीलाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मते त्यांनी सगळं सांगितलं होतं.

*

ते समजायला पस्तीस वर्षं मागं जावं लागतं. शिवलीलाबाई एकोणिसाव्या वर्षी अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन या घरात आल्या. माहेरी सगळं कानडी. मराठी समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची. निघताना आईनं एकच गोष्ट बजावली होती: सासूला उलट उत्तर देऊ नको, बाकी सगळं आपोआप होतंय.

सासू म्हणजे चंद्रव्वा. त्यांची जीभ मायाक्काच्या मुसळासारखी चालायची, फक्त मुसळाला मधे विश्रांती असते. पहिल्याच महिन्यात शिवलीलाबाईंनी एका गिऱ्हाइकाशी बोलताना चुकीचा शब्द वापरला. गिऱ्हाईक हसलं. ते गेल्यावर चंद्रव्वा म्हणाल्या, "माहेरी जिभेला काय शिकवलंच न्हाई वाटतं. नुसती हाय, म्हणून ठेवलीय तोंडात."

शिवलीलाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, कानडीत होतं आणि चांगलं झणझणीत होतं. तेवढ्यात चंद्रव्वांनी उखळातली गरम चटणी कडक भाकरीच्या तुकड्यावर घालून त्यांच्या हातावर ठेवली.

"बोलू नको. चाक. काय कमी हाय सांग."

"आज सोमवार हाय, अत्ती. माझा उपास हाय."

"चाकल्यानं उपास मोडत नसतो. ते काम हाय."

शिवलीलाबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि चावला. उत्तर घासाबरोबर खाली गेलं. मग त्या म्हणाल्या, "जिरं कमी हाय." चंद्रव्वांनी स्वतः चाखून बघितलं, जिरं घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाट सुनेला दिला.

त्या दुपारी दोन नियम एकदम ठरले. चाखलेलं खाण्यात मोजायचं नाही, हा पहिला. तो सगळ्या घरानं मानला, कारण त्यावर धंदा चालायचा. सोमवारी उपास म्हणून उखळ थोडंच बंद ठेवता येतं. दुसरा नियम कुणी बोलून दाखवला नव्हता. तोंडात घास असला की उत्तर द्यावं लागत नाही. तो एकट्या शिवलीलाबाईंचा होता, आणि तो आपण पाळतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चंद्रव्वा बोलत राहिल्या. सून जाड होत गेली तसे त्यांना नवे विषय मिळाले. "हळू बस, पाट मोडंल." "ही दारात उभारली की दिवसा दिवा लावावा लागतोय." शिवलीलाबाई भाकरीचा तुकडा मोडायच्या, चटणीत बुडवायच्या आणि चावत राहायच्या. नातेवाइकांत त्यांचं नाव झालं. उंबरजेंची सून म्हणजे गाय, तोंडातून शब्द नाही.

*

पंधरा दिवसांनी त्या वैदेहीकडे परत गेल्या तेव्हा वजन तिथंच होतं. चुकल्यासारखं वाटून त्यांनी पिशवीतून चटणीचं पाकीट आणि चार कडक भाकऱ्या काढल्या.

"तुमाला आणलंय. घरचंच हाय."

वैदेहीनं तिथंच भाकरी मोडून चटणी लावली. "मस्त आहे. मीठ किंचित पुढं आहे का?"

"मीठ?" शिवलीलाबाईंनी पाकीट हातात घेतलं, भाकरीचा तळहाताएवढा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि खाल्ला. डोळे मिटून चावला. मग दुसरा तुकडा घेतला, खात्री करायला. "मीठ बरोबर हाय. लसूण जुना हाय, त्यानं तुमाला तसं लागतंय."

वैदेही बघत राहिली. "काकू, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

"काय?"

"हे आत्ता खाल्लं ते."

"हे खाणं न्हवं म्याडम. चव बघितली मी."

"दिवसात किती वेळा बघता?"

शिवलीलाबाई हसल्या. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "घाणा निघंल तसं. आन मधे-मधे."

"भाकरीबरोबर?"

"नुसत्या चटणीची चव कळतच न्हाई की. जिभेला पोळतंय. भाकरी लागती, जरा तेल लागतंय."

शेंगदाणे, तेल आणि ज्वारी. वैदेहीनं नुसती मान हलवली. आता हिशेब कुठं चुकत होता ते दिसत होतं, आणि या बाईनं तिला फसवलं नव्हतं हेही दिसत होतं.

"एक करता येईल," ती म्हणाली. "चहाच्या कंपन्यांत चव बघणारे लोक असतात. ते चव घेतात आणि थुंकून टाकतात."

शिवलीलाबाईंचा चेहरा बदलला होता.

"म्याडम, आमचं घर जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारं हाय. कण सुदा वाया घालवत न्हाई. तोंडातला परसाद थुकायचा?"

"चुकलं माझं," वैदेही लगेच म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मग एका घाण्याला एकदाच बघा. चिमटीभर. आणि तुमची दुपारची भाकरी एक आहे ना, ती दीड करा. बसून, ताट वाढून घेऊन खा."

"वाढवायची?" दाराबाहेरून सोमलिंगांनी विचारलं. ते ऐकत होते. "गाडी हलकी करायची तर माल वाढवायला सांगताय."

*

महिनाभरात दोन किलो उतरले. मग थांबले. मग अर्धा चढला. शिवलीलाबाई वैदेहीसमोर बसल्या तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"मी एकदाच चाकायचं ठरवती. सकाळी जमतंय. चांगलं जमतंय. दुपारनंतर हात जातोच. काल तर..." त्या थांबल्या.

"काल काय झालं?"

"काल घाणा चाखून झाला होता, पाकिटं भरून झाली होती. मी पाकीट फोडलं. चव बघायला. भरलेलं पाकीट फोडून कोण चव बघतंय?"

वैदेहीनं त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "सकाळचा घाणा कसा झाला होता?"

"सकाळचा? दाणा जरा जास्त भाजला होता, पण वाईट न्हाई. कोरेगल्लीतल्या दुकानाचं नवीन तिखट होतं, रंग देतंय पण झोंबत न्हाई. मीठ मायाक्कानं घातलं होतं, तिचा हात आखडता हाय, मी चिमूटभर वाढवलं."

"आणि दुपारी फोडलेलं पाकीट? ते कसं लागलं?"

शिवलीलाबाईंनी डोळे मिटले. त्यांनी आठवून बघितलं. भाकरी मोडल्याचा आवाज आठवत होता. हाताला लागलेलं तेल आठवत होतं. चव आठवत नव्हती. मीठ कमी की जास्त, लसूण ताजा की जुना, काहीही नाही. पस्तीस वर्षांत जिच्या जिभेवर घर चाललं, तिनं अख्खं पाकीट खाल्लं होतं आणि त्याची चव तिला सांगता येत नव्हती.

"म्हणजे मी चव बघतच न्हवते," त्या हळू म्हणाल्या.

"मग काय करत होतात?"

शिवलीलाबाईंनी हात पदराला पुसले. वैदेहीनं विचारलं, दुपारी घरात काय बदलतं? शिवलीलाबाई म्हणाल्या, काय बदलणार, तेच उखळ, तीच मायाक्का. अत्ती झोपून उठतात, चहा घेऊन पुढच्या खोलीत बसतात आणि बोलतात.

"कुणाशी?"

"कुणाशी न्हाई. माझ्याविषयी."

"आणि तुम्ही?"

"मी काय बोलणार? मी काम करत असती."

वैदेहीनं पेन खाली ठेवलं. मग तिनं स्वतःचं सांगितलं. कॉलेजात असताना परीक्षा जवळ आली की ती गूळ आणि दाणे खात बसायची. पोट भरलेलं असायचं, तरी हात थांबायचा नाही. गणित सुटलं नाही की डब्याकडे जायची. पुढं शिकताना तिला कळलं, की भूक पोटात लागते तसं छातीत, घशातही काहीतरी दाटतं. आणि त्या दोन्हींना आपण एकच नाव देतो. "दुसऱ्या भुकेला कितीही घाला काकू, ती भरत नाही. कारण ती खाण्याची नसतेच. म्हणून तुमचं वजन दोनदा उतरून परत आलं. खाणं बदललं होतं, ते दाटणं तसंच होतं."

"मग आता?"

"आता एक काम. चाखू नका असं मी म्हणत नाही. फक्त चाखलं की मोठ्यानं बोलायचं. काय लागलं ते. मीठ, तिखट, लसूण, जे असेल ते. बोलण्यासारखं काही नसेल तर समजायचं, ही चव नव्हे."

*

"कुणाशी बोलताय वैनी?" पहिल्या दिवशी मायाक्कानं मुसळ थांबवून विचारलं.

"चटणीशी. तू कुट."

"ती काय म्हणती?"

"म्हणती मायाक्का लसूण सोलताना निम्मा पदरात टाकती."

मायाक्का हसून कुटायला लागली. सकाळी सगळं सोपं होतं. शिवलीलाबाई चिमूट तोंडात टाकायच्या आणि सांगायच्या: मीठ बेताचं, भाजणी बरोबर, जिरं पुढं आलंय. मायाक्कालाही ते आवडायला लागलं. ती आता मधेच म्हणायची, आज कसं काय म्हणताय, सांगा की.

दुपारी मात्र हात परातीपर्यंत जायचा आणि तिथंच राहायचा. बाहेरून चंद्रव्वांचा आवाज यायचा, "शिवलीला, डाक्टरनं तुला चालायला सांगितलंय म्हणं. गल्लीत चालू नको, म्युन्शिपाल्टीनं आत्ताच डांबर टाकलंय." बोटांत भाकरीचा तुकडा असायचा. हा खाल्ला तर बोलावं लागेल. काय बोलायचं? मीठ तर सकाळीच बघितलंय. त्या तुकडा परत ठेवायच्या, आणि तेव्हा पहिल्यांदाच त्यांना जाणवायचं, की गळ्यात हाताच्या मुठीएवढं काहीतरी अडकलंय. इतकी वर्षं ते कळायच्या आत खाली ढकललं जात होतं. आता ते तसंच बसून राहायचं. ते बरं वाटत नव्हतं. वजन उतरत होतं, पण त्यांना झोप लागेना. सोमलिंग एकदा म्हणाले, "आधी जाड होतीस पण गप होतीस. आता भांडी आपटतीस."

"अजून काय आपटलं न्हाई मी," शिवलीलाबाई म्हणाल्या.

मग तो शनिवार आला. सायंकाळी पुण्याहून आलेली एक बाई दुकानात उभी होती. तिनं नमुन्याची चटणी खाल्ली आणि विचारलं, "फारच छान. कोण करतं?"

चंद्रव्वा खुर्चीवर बसल्या होत्या. "माझ्या हातची पद्दत हाय," त्या म्हणाल्या. "सून हाय की आत, पण ती काय करती? ती नुसती चाकती. बघा बोलवून, चाकून चाकून कशी झालीय ती."

पुण्याची बाई कसनुसं हसली. शिवलीलाबाई त्याच वेळी ताजा घाणा परातीत घेऊन पुढं आल्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या हातानं सवयीनं चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. मग त्या थांबल्या. ठरलं होतं, चाखलं की बोलायचं.

"मीठ बरोबर हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "लसूण बरोबर हाय. दाणा चांगला भाजलाय." आणि पुढचे शब्द त्याच आवाजात, त्याच ओळीत आले. "आन अत्ती, ह्या चटणीत तुमी दहा वर्षांत हात घातला न्हाई. पद्दत तुमची व्हती, खरं हाय. पर त्या पद्दतीत जिरं मी वाढवलं, तेल मी कमी केलं, लसूण कच्चा घालायचा मी बंद केला. लोक येतात ते ह्याच्यासाठी. माझ्या अंगाला हसायचं तर हसा. पर मी नुसती चाकत न्हाई."

मागं मुसळाचा आवाज थांबला होता. पुण्याच्या बाईनं पाकिटं घेतली, जरा जास्तच घेतली आणि निघून गेली. चंद्रव्वा खुर्चीवरून उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या रात्री जेवल्या नाहीत.

सोमलिंग या वेळी हसले नाहीत. "अव्वा उपाशी झोपली. ह्या वयात. तुला काय गरज होती?"

शिवलीलाबाईंचे हात थरथरत होते. फळीवर पाकिटं रांगेत होती. एक फोडलं असतं तर थरथर थांबली असती, हे त्यांना आता नीट माहीत होतं. त्या पाटावर बसल्या नाहीत, कारण उठता आलं नसतं. खुर्चीवर बसल्या आणि थरथर थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्यांना वाटलं, आईनं सांगितलेलं खरं होतं. एका तोंडापायी आता घर मोडतंय.

*

सकाळी त्यांनी ताट वाढलं आणि चंद्रव्वांच्या दाराशी गेल्या. "ऊटा माडरी, अत्ती. जेवून घ्या."

"ठेव तितं."

शिवलीलाबाईंनी ताट ठेवलं आणि वळल्या.

"थांब," चंद्रव्वा म्हणाल्या. "काल लई बोललीस."

"व्हय."

"गिऱ्हाइकासमोर."

"तुमीबी गिऱ्हाइकासमोरच बोलला."

चंद्रव्वांनी भाकरी मोडली. मग ताटाकडे बघतच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बोलती आन तू तोंडात भाकरी कोंबून माझ्याकडं बघत बसतीस. मला काय वाटत असंल? मी हितं घसा फोडती आन ही खाती. मला वाटायचं, ही मला जुमानतच न्हाई. म्हातारी बडबडती, बडबडू दे. मग मी अजून बोलायची."

"मी तर तुमाला उत्तर द्यायचं न्हाई म्हणून खायची."

"कुणी सांगितलं देऊ नको म्हणून?"

"माझ्या अव्वानं."

"तिचं काय ऐकतीस? ती ऱ्हाती का माझ्याबरोबर?" चंद्रव्वांनी आमटीत बोट बुडवलं. "माझी सासू तर मला लाटण्यानं मारायची आन मी तिला शिव्या द्यायची. मरताना माझाच हात धरून मेली. भांडायला माणूस लागतंय गं. सोमलिंग तर नुसता हसतोय. आन आमटीत मीठ न्हाई आज."

"हाय. तुमची जीभ गेलीय."

चंद्रव्वांनी मान वर करून सुनेकडं बघितलं. मग मीठ न घेता आमटी संपवली, ताटात पाणी घातलं, बोटानं धुतलं आणि प्याल्या.

त्यानंतर उंबरजेंच्या घरात शांतता अशी उरली नाही. दुपारी चार वाजले की पुढच्या खोलीतून टोमणा यायचा आणि मागच्या खोलीतून उत्तर जायचं, कधी मराठीत, कधी कानडीत. मायाक्का मधे बसून दोन्हीकडचं ऐकायची. गिऱ्हाइकं थोडा वेळ जास्त थांबायला लागली. शिवलीलाबाईंच्या अंगावर टोमणे यायचे बंद झाले असं मुळीच नाही. फक्त आता ते लागले की लागलं म्हणून सांगता यायचं. एकदा त्या म्हणाल्या, "अत्ती, अंगावरून बोलू नका. त्याचा मला त्रास होतोय." चंद्रव्वा चार दिवस गप्प राहिल्या, मग स्वयंपाकावरून सुरू झाल्या. तेवढं चालण्यासारखं होतं.

वजन मात्र गोष्टीतल्यासारखं झरझर उतरलं नाही. कधी महिन्याला किलो, कधी काहीच नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा, नंदीशचा, पुण्याहून फोन आला की कामामुळं यंदा यायला जमणार नाही. शिवलीलाबाई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि उभ्याउभ्या एक पाकीट संपवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. तो आठवडा तसाच गेला. वैदेहीकडे गेल्या तेव्हा काटा वर गेला होता. वैदेहीनं काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"ती चव न्हवती. पोराची आठवण व्हती. मला खाताना बी कळत होतं, तरी खाल्लं."

"मग?"

"मग त्याला फोन केला. म्हटलं, तू येणार न्हाई म्हणून मला लई वाईट वाटतंय. मी असं कदी बोलले न्हवते त्याला. मग म्हणाला, दिवाळी झाल्यावर चार दिवस येतो."

"तो येवो न येवो, तुम्ही बोललात," वैदेही म्हणाली. "आणि हे बघा, मागच्या वेळी एकदा चढलं की चढतच जायचं ना? आता एक आठवड्यात तुम्ही थांबलात. पहिलं वजन उतरलं होतं ते जिद्दीनं उतरलं होतं. जिद्द कधीतरी दमते. आता तुम्हाला कारण माहीत आहे, ते काही विसरत नाही."

"पोरी, तू लई शिकलीस," शिवलीलाबाई म्हणाल्या. म्याडम केव्हा सुटलं ते दोघींनाही कळलं नव्हतं.

*

ऐंशीच्या आत यायला दीड वर्ष लागलं. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, मग कागद काढला. "आता लावतो हात. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात. काही अडचण?"

"न्हाई," शिवलीलाबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या टेम्पोत बसल्या. टेम्पोच्या पायरीवर गुडघ्यात कळ आली, पण आधीसारखी दोन्ही हातांनी वर ओढून घ्यावं लागलं नाही. सोमलिंगांनी किल्ली लावली, पण टेम्पो चालू केला नाही.

"काय गं? गप का? तारीख मिळाली की."

शिवलीलाबाई समोर होटगी रस्त्यावरची वाहनं बघत होत्या. ज्यासाठी दीड वर्ष घातलं ते हातात आलं होतं, आणि गळ्यात मुठीएवढं काहीतरी दाटलं होतं.

"मला भीती वाटतीय," त्या म्हणाल्या. "हाड कापणार म्हणतात. बेशुद्ध करणार. मी उठलेच न्हाई तर?"

सोमलिंगांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनोद येऊ लागला होता, तो त्यांनी मागं घेतला. "मलाबी वाटतीय," ते म्हणाले. "डाक्टरनं तारीख सांगितली, आता किल्ली लावलीय पर फिरवायला हात होत न्हाई."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू घाबरशील म्हणून."

एक रिक्षावाला टेम्पो हलवा म्हणून हॉर्न देऊन गेला. सोमलिंगांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"काय खाणार?" त्यांनी विचारलं. माणसाला धीर द्यायचा तर काहीतरी खायला घालायचं, एवढं एकच त्यांना येत होतं.

शिवलीलाबाईंच्या गळ्यातलं ते आता बरंच खाली बसलं होतं. मग त्यांनी पोटाकडे लक्ष दिलं. सकाळपासून रक्ततपासणीसाठी त्या उपाशी होत्या आणि आता दोन वाजत आले होते.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "खरंच लागलीय. चला, कुटंतरी बसून जेवू. भरलेलं ताट पायजे मला."

"दोन भाकऱ्या?"

"दोन. आन तुमीबी माझ्याबरोबर बसा. उभं ऱ्हाऊन न्हाई."

सोमलिंगांनी टेम्पो चालू केला.